क्षाराची कॉइल आणि एक दहाची झोप

आमच्या ठकीची दुपारची झोप एक वाजून दहा मिनिटांनी लागते आणि तीनला मोडते. हे मी अंदाजाने सांगत नाही. ठकी चौदा महिन्यांची आहे, तिला घड्याळ कळत नाही, बूट आणि बशी यांतला फरकही कळत नाही. पण वेळ पाळण्याच्या बाबतीत तिने भल्याभल्या कचेऱ्यांना शिकवणी लावावी. कचेऱ्यांचा विषय पुढे येणारच आहे.

तर या एक तास पन्नास मिनिटांत मी बिअर करते.

वाचून भुवया वर गेल्या असतील तर तूर्त खाली घ्या. पुढे लागतील. बिअरचं भांडं माझं नव्हे, नवऱ्याचं. माझा नवरा आरंभशूर आहे. आमच्या माळ्यावर त्याच्या आरंभांचं एक छोटेखानी संग्रहालय आहे: एक तार तुटलेली गिटार, धावायचे बूट (एकदा चाललेले), पक्षी बघायची दुर्बीण, आणि 'तीस दिवसांत जपानी' या पुस्तकाची पहिली बारा पानं. त्यातच हे भांडं आलं. तीस लिटरचं, स्टीलचं, तळाशी विजेची कॉइल, पुढे तोटी, बाजूला बटणं. त्याने त्यात एकदा बिअर केली. तिची चव भिजवून विसरलेल्या मोज्यांसारखी होती. भांडं माळ्यावर गेलं.

ठकीनंतर मी घरी होते. रसायनशास्त्राची पदवी होती, रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काढली होती, आणि दिवसभरात माझं सगळ्यात अवघड वाक्य 'भूभू कुठे गेला?' हे होतं. एके दिवशी भांडं खाली काढलं. तिसरी खेप पिण्याजोगी झाली, पाचवी चांगली. मी स्वतः अर्धा पेला पिते. मला प्यायची हौस नाही, करायची आहे. सकाळी ठकी कडेवर असताना माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात भिजत घालायचं. ते काम एका हाताने होतं. उकळवायचं काम मात्र पोर जागी असताना करायचं नाही, हा माझा नियम. ती झोपली की स्वयंपाकघराचं दार लोटायचं आणि बटण दाबायचं. पंचवीस मिनिटांत उकळी येते, मग तासभर उकळू द्यायचं. बिअरची खेप नसेल त्या दिवशी त्याच भांड्यात बाटल्या उकळायच्या. उरतात पंचवीस मिनिटं. ती माझी. स्टुलावर बसायचं, पाय ओट्याला लावायचे, आणि वहीत काहीबाही लिहायचं. दिवसाच्या चोवीस तासांत तेवढाच तुकडा असा होता की ज्यात मी कुणाची कुणी नव्हते.

त्या पंचवीस मिनिटांवर आमच्या नळाच्या पाण्याने डल्ला मारला.

आमच्याकडचं पाणी जड. साबणाला फेस येईस्तोवर माणसाचं एक वय सरतं. तीनेक महिन्यांत कॉइल पांढरी पडायला लागली. आधी पिठाचा हात लागावा तशी, मग अंड्याच्या कवचासारखी, मग चांगली खडबडीत, जाडजूड. त्या थराखाली अडकलेलं पाणी फुटून फुटून वर यायचं आणि भांडं कुणावर तरी डाफरत असल्यासारखं गुर्र, गुर्र करत बसायचं. नवं होतं तेव्हा ते असं बोलत नसे. नशिबाने ठकी त्या आवाजाने कधी उठली नाही. उलट तिची दुपारची झोप याच काळात पक्की झाली. त्याचं श्रेय मी माझ्या संगोपनाला दिलं आणि दोन मैत्रिणींना फोनवर 'मुलांना शिस्त कशी लावावी' यावर सविस्तर व्याख्यानही दिलं.

त्रास निराळाच होता. थरामुळे कॉइलची आच पाण्याला पोचेना. कॉइल नको तितकी तापायची, भांडं आपणहून बंद पडायचं आणि बझर वाजवायचं. थंड झालं की पुन्हा सुरू. अशा रुसव्याफुगव्यात उकळी यायला पाऊण तास लागायला लागला. माझ्या पंचवीस मिनिटांतली वीस गेली. शिवाय तो बझर! त्याला घाबरून ठकी दोनदा किंचाळत उठली, तेव्हा मी बझरच्या फटीत कापसाचा बोळा कोंबला आणि वरून तिच्या खोलीसाठी आणलेली बदकांच्या चित्रांची चिकटपट्टी लावली. किरकोळ गोष्ट. ती सांगायचीही गरज नव्हती.

कॉइलवर क्षार बसू नये म्हणून काय करावं, हा प्रश्न मी जेवताना मोठ्याने विचारला. ही माझी पहिली चूक.

आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "पाणी आदल्या दिवशी उकळून ठेव. गाळ खाली बसतो. वरचं निवळ घे."

मी त्यांना पाण्याचा तात्पुरता जडपणा आणि कायमचा जडपणा यांतला फरक समजावून सांगितला. साधारण दहा मिनिटं. मधे एक समीकरण सांगण्याचाही मोह झाला. त्या म्हणाल्या, "बरं." आईंचं 'बरं' ऐकलेल्यांना कळेल की त्या एका शब्दात पदवीदान आणि पदवी काढून घेणं, दोन्ही समारंभ उरकतात.

"आणि इतकं कळतं, तर आधी यांची किटली बघ," त्या पुढे म्हणाल्या. बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, चहाची विजेची किटली अकरा वर्षांची. आत चुन्याची भिंत. आई ती घासायला सांगून थकल्या होत्या. बाबांचं म्हणणं, त्या थरामुळे चहाला चव येते. आईंच्या मते बाबांमध्ये दोनच दोष: ती किटली आणि त्यांचं घोरणं; आणि आवाजाला दोन्ही सारखीच.

बाबांनी मात्र माझा प्रश्न मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरची सगळी चुंबकं नळाला दोऱ्याने बांधलेली.

"बाबा, हे काय?"

"चुंबकाने क्षार गोंधळतात. मी वाचलंय."

क्षारांचं माहीत नाही, मी गोंधळले. त्या चुंबकांखाली ठकीच्या लसींच्या तारखांचा कागद होता. तो फ्रिजमागे पडला आणि आम्ही लसीची तारीख चुकवून डॉक्टरांची बोलणी खाल्ली. क्षार जिथल्या तिथे राहिले.

मग खालच्या मजल्यावरचे काका आले. पूल बांधण्याच्या खात्यातून निवृत्त. इमारतीत त्यांना सगळे 'आयोग' म्हणतात, कारण दिवा गेला तरी ते चौकशी लावतात. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी त्यांनी दाराची घंटी वाजवली. ठकी उठली. तिला खांद्यावर थोपटत मी आयोगासमोर साक्षीला उभी राहिले.

"पाणी कधीपासून वापरता?"

"काका, जन्मापासून."

"या इमारतीतलं?"

त्यांनी वहीत लिहून घेतलं. तीन बैठकांनंतर निष्कर्ष आला: पाणी मऊ करणारं यंत्र बसवा. आणि त्यांच्याकडे एक जुनं पडलेलंच होतं. नवऱ्याने ते उत्साहाने वर आणलं; आरंभ म्हटला की तो हजर. हे यंत्र मिठाच्या पाण्याने स्वतःला धुऊन घेतं आणि ते खारट पाणी एका नळीतून बाहेर सोडतं. ती नळी मोरीत सोडायची असते. पूल बांधणाऱ्या माणसाने आणि माझ्या नवऱ्याने मिळून, दोन तास आणि चार कप चहा खर्चून, ती भांड्यात सोडली.

त्या खेपेची बिअर मी चाखली. बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाला शेवटी हीच चव लागत असावी.

"थोडी खारट आहे, पण हटके आहे," नवरा म्हणाला.

"पी मग. पंचवीस लिटर आहे."

तो पेला घेऊन गॅलरीत गेला. दुसऱ्या दिवशी कुंडीतलं रोप मेलं.

यंत्र परत खाली गेलं. आणि पुढच्याच आठवड्यात, दुपारी दीड वाजता, भांड्याची गुरगुर थांबली. मला वाटलं, पुन्हा रुसलं. वाट पाहिली. दिव्याची वात विझल्यासारखा वास आला. बटणं दाबली, उलटी दाबली, सगळी एकदम दाबली. कॉइल गेली होती. आणि ठकी, जी आपणहून कधी तीनच्या आत उठत नाही, ती त्या दिवशी पावणेदोनला उठली. मी तो योगायोग समजले. इतकी शिकलेली बाई, योगायोग समजले.

भांड्याची हमी संपायला अजून दोन महिने होते. मी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. काचेपलीकडचे गृहस्थ पाठ केल्यासारखे म्हणाले, "जड पाण्याने नुकसान झालं असेल तर पाणीखात्याचा दाखला आणा. दाखला असेल तर बदलून देऊ."

"म्हणजे पाणी जड आहे हे सिद्ध केलं की कॉइल मिळेल?"

"सिद्ध नाही हो, दाखला."

पाणीखात्यात तीन खिडक्या. पहिलीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, तिसरी जेवायला गेली होती. ठकी कडेवर. मी शाळेतला शब्द आठवून अर्जात लिहिलं होतं: 'आमच्याकडे दुष्फेन पाणी येते.' तिसऱ्या खिडकीतल्या बाई परत आल्या, वाचून म्हणाल्या, "ही तक्रार आहे की शिवी?"

"पाण्याला फेस येत नाही असा अर्थ आहे."

"पाण्याला फेस आला असता तर तक्रार करायला हवी होती. नमुना आणलाय?"

नमुना आणायचा असतो हे कुठल्याही खिडकीवर लिहिलेलं नव्हतं. घरी जाऊन परत येईस्तोवर एक दहा वाजले असते. त्यांच्याच आवारात आमच्याच पाणीपुरवठ्याचा नळ होता. बाटली मात्र माझ्याजवळ एकच होती: ठकीची. मापाच्या खुणा असलेली, उकळून घेतलेली. प्रयोगशाळेत सहा वर्षं काढलेल्या मला ती अगदी योग्य वाटली. ठकीने नुकतंच त्यातलं दूध संपवलं होतं. मी बाटली विसळली, दोनदा विसळली, भरली आणि खिडकीत दिली. बाईंनी बुचावरच्या सशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

दहा दिवसांनी अहवाल आला. 'पाणी पिण्यास योग्य. जडपणा मर्यादेत. नमुन्यात दुधाचे अंश आढळले.'

मर्यादेत! ज्या पाण्यात साबण निवृत्त होतो ते मर्यादेत! मी तो कागद तावातावाने दुरुस्ती केंद्राकडे पाठवला, सोबत साडेतीन पानी पत्र. पत्रात 'ग्राहक', 'खेद', 'सुशिक्षित' हे शब्द प्रत्येकी चार वेळा होते. उत्तर दोन ओळींचं आलं: 'सदर भांडे दूध तापवण्यासाठी नाही. दुधामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही.'

आईंनी ते पत्र वाचलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता.

इतकं होऊनही मी हार मानली नाही याचं कारण भांडं नव्हतं. कॉइल गेल्यापासून ठकी दुपारी झोपेना. एक दहाला डोळे मिटायची, दीडला टक्क. तासन्‌तास खांद्यावर घेऊन मी त्या खोलीतून या खोलीत, या खोलीतून त्या खोलीत. वही स्टुलावर तशीच. एकदा ठकीनेच ती उघडली आणि दोन पानं खाल्ली. मी दातांवर ढकललं, हवेवर ढकललं, सासरच्यांच्या रक्तावर ढकललं. अपमान दुधाचा झाला होता आणि झोप माझी गेली होती. मला वाटायचं, कॉइल आली की सगळं आपोआप जागेवर येईल. कसं, ते विचारू नका. थकलेल्या माणसाचं तर्कशास्त्र निराळं असतं.

मी केंद्रात जाऊन इतकं बोलले की त्यांनी प्रत्यक्ष पाहणीला माणूस पाठवायचं कबूल केलं. माणूस म्हणजे एक पन्नाशीच्या बाई आल्या. चष्मा केसांत, खिशाला चार पेचकस. अंगात बोलण्याचा सोस अजिबात नाही. हॉलमध्ये प्रेक्षक बसले होते: आई, बाबा, वही घेऊन आयोग, आणि 'घरून काम' करणारा नवरा.

बाईंनी भांडं उलटं केलं. झाकणी काढली. चष्मा नाकावर घेतला.

"दूध नाही," त्या म्हणाल्या.

मी सगळ्यांकडे विजयी नजरेने पाहिलं.

"हे काय आहे?" त्यांनी चिमट्याने एक काळपट बोळा बाहेर काढला. त्याला चिकटलेली पट्टी. पट्टीवर तीन बदकं, जळकी, पण हसरी.

आईंनी वाकून बदकं मोजली.

"बझरमागेच कॉइल बंद करणारी कळ असते," बाई म्हणाल्या. "बोळा तिच्यावर दाबला गेला. अति तापलं की बंद पडायचं, ते पडलंच नाही. बझर ओरडायचा, तो ओरडला नाही. हे कोणी घातलं?"

आयोगाने पेन उघडलं.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हणाले, "बाळ उठायचं." आवाज मलाच ऐकू आला नाही. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा कशाचाही आरंभ केला नाही; लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. त्याबद्दल मी त्याची त्या दिवसापुरती ऋणी आहे.

बाईंनी ठकीकडे पाहिलं. मग बोळा खिशात टाकला, अहवालात काहीतरी लिहिलं आणि पिशवीतून नवी कॉइल काढून बसवली. जाताना मी हळूच विचारलं, "आणि क्षार बसू नये म्हणून?"

"पाणी आदल्या दिवशी उकळून निवळू द्या, वरचं घ्या. दर दोन खेपांनी लिंबूसत घालून उकळा. आणि बझरला बोलू द्या."

मी आईंकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. पाठीमागून आलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी निवळ पाणी, चकचकीत कॉइल, भिजलेलं माल्ट. एक दहा. ठकी झोपली. बटण दाबलं. वीस मिनिटांत उकळी! ना बझर, ना रुसवा. मांजराने दूध प्यावं तितक्या हळू आवाजात भांडं उकळत होतं. मी स्टुलावर बसले, पाय ओट्याला लावले, वही उघडली आणि पहिला शब्द लिहिणार, तोच ठकीने भोकाड पसरलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ठकी खांद्यावर किरकिर करत असताना बाबांनी चहाला किटली लावली. ती अकरा वर्षांच्या चुन्यातून गुरगुरायला लागली. गुर्र, गुर्र. माझ्या खांद्यावरचं डोकं जड झालं. किटली बंद पडली, डोकं वर. मी किटली पुन्हा लावली, डोकं खाली.

मी तिथेच जमिनीवर बसले.

माझी शिस्त नव्हती. माझं संगोपन नव्हतं. त्या दोन मैत्रिणींना फोन करावा की नाही, यावर मी अजून विचार करते आहे. माझ्या लेकीला झोपवत होता तो क्षार. ज्याच्याशी मी चार महिने चुंबकाने, मिठाने आणि साडेतीन पानी पत्राने लढले, तो बिचारा रोज दुपारी माझ्या पोरीला अंगाई म्हणत होता.

मी लगेच नवी व्यवस्था लावली. मोठ्या भांड्यात निवळ पाणी, बिअरसाठी. पाळण्याशेजारच्या कपाटावर, ठकीचा हात पोचणार नाही अशी, बाबांची किटली. नळाचं पाणी, जितकं जड तितकं उत्तम. संध्याकाळी घरात जाहीर केलं: या किटलीला कुणी हात लावायचा नाही. बाबा तेव्हा फिरायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी एक वाजता बाबा दोन्ही हातांत काहीतरी झाकून माझ्यासमोर आले. चेहरा उजळलेला.

"सूनबाई, तू इतकी धडपडलीस त्या क्षारापायी, मला लाज वाटली. लिंबूसत घालून सकाळपासून घासतोय. बघ!"

किटलीच्या आत माझा चेहरा दिसत होता. इतकी चकचकीत.

आई दारात उभ्या होत्या. अकरा वर्षं सांगून न झालेलं काम समोर चमकत होतं आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. मला कळत होतं. पण बाबांच्या दहाही बोटांना पांढरी पूड लागली होती, नखं झिजली होती.

"छान झालीये हो, बाबा," मी म्हणाले.

"मग रडतेस का?"

"झोप नाही झाली."

"आण तिला इकडे," बाबांनी ठकीला घेतलं आणि आरामखुर्चीत रेलले. "जा तू. मी बघतो. सकाळपासून घासून घासून जीव..."

वाक्य तिथेच राहिलं. तोंड उघडं पडलं. आणि मग घशाच्या कुठल्यातरी खोल तळातून, थराखाली अडकलेलं पाणी फुटून यावं तसं, आलं: गुर्र.

ठकीने एकदा त्यांच्या हनुवटीकडे पाहिलं. दुसऱ्या गुर्रला तिचं डोकं त्यांच्या छातीवर होतं.

एक वाजून दहा मिनिटं. मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले, बटण दाबलं. एक पस्तीसला बाहेरच्या दाराच्या फटीतून एक कागद आत सरकला. आयोगाचा. वर ठळक अक्षरात: 'श्री. आजोबांच्या घोरण्यावर अकरा उपाय. प्रत्यक्ष येऊन समजावतो.' जिन्यात खाली उतरणाऱ्या त्यांच्या चपला वाजत होत्या.

बदकांची चिकटपट्टी थोडी उरली होती. मी दार उघडून ती घंटीवर लावली, चांगली दुहेरी, आणि स्टुलावर येऊन बसले.